वरचे चार खण

२ सप्टेंबर, मंगळवार

केतकीचा हुकूम आहे : "संदेश, रोज लिहून ठेव. काय बदललंस, का बदललंस. तुझ्या डोक्यात काही टिकत नाही." म्हणून ही वही. ती मराठी फडाफडा बोलते, पण वाचायचं म्हटलं की बोट ठेवून वाचते आणि दुसऱ्या ओळीला कंटाळते. तेव्हा इथं मनातलं लिहिलं तरी धोका नाही.

तर मुद्दा. केतकी ड्रॅग रेस करते. सरळ रस्ता, चारशे मीटर, दोन मोटरसायकली, आधी पोचेल तो जिंकला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, एवढंच? तर म्हणाली, "हौ, एवढंच. तू एवढं तरी सरळ कधी गेलायस का?"

कोइंबतूरच्या एका टीमला रायडर हवी आहे. त्यांचे सर पाच ऑक्टोबरला इथल्या शर्यतींच्या मीटला येणार आहेत, शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर. चौदा सेकंदांच्या आत आलीस तर घेऊ, असं त्यांनी सांगितलंय. ती सध्या साडेचौदाच्या आसपास घुटमळते. शिवाय त्यांना प्रत्येक धावेचा डेटा बघायचाय, आणि हिच्या गाडीला जुना कार्ब्युरेटर. तो कसला डेटा देतो! सकाळी त्याची तब्येत एक, दुपारी दुसरी. आणि मूठ पिळून थ्रॉटल झटक्यात उघडला की आधी ठसकतो, मग पळतो. त्या ठसक्यातच तिचा अर्धा सेकंद जातो. म्हणून कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवायचं, म्हणजे पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा. बसवणार मी.

मला येतं ते. पुण्यात एका ट्यूनिंगवाल्याकडे कामाला होतो. पूर्ण शिकणारच होतो, पण मधेच एक ट्रकवाला म्हणाला कच्छ बघायचं का, आणि ते राहिलं. त्याआधी डिप्लोमा राहिला. उदगीरहून इथे हैदराबादला, बरकतपुऱ्यात सरोजआत्याकडे चार दिवसांसाठी आलो होतो, ते होळीच्या सुमाराला. आत्यानं अजून विचारलेलं नाही की कधी जातोस.

आज गौलीगुड्याला फ्युएल प्रेशरचा गेज आणायला गेलो. वाटेत एक जण हार्मोनियमचा भाता शिवत बसलेला. हवा आत कशी जाते, सुरापर्यंत कशी पोचते, सगळं उघडं करून दाखवलं त्यानं. इंजिनच की ते! दोन तास तिथंच. गेज राहिला.

७ सप्टेंबर, रविवार

तीन रस्ते आहेत. एक, डबा जोडायचा. गाडीच्या आधीच्या मेंदूला फसवून थोडं पेट्रोल कमीजास्त करतो. पण हिच्या गाडीला मेंदूच नाही तर फसवणार कुणाला? दोन, तयार किट. बनवणाऱ्यानं ठरवलेलं पेट्रोल, आपण हात लावायचा नाही. तीन, पूर्ण मोकळा मेंदू, म्हणजे ईसीयू. त्यात एक मोठा तक्ता असतो. आडव्या बाजूला इंजिनचा वेग, उभ्या बाजूला थ्रॉटल किती उघडला. प्रत्येक खणात एक आकडा : इथं इतकं पेट्रोल. सगळे खण आपण भरायचे. सोपं काहीच नाही. मी तिसरा म्हटलं. केतकी म्हणाली, "मला माहीत होतं. अवघड असल्याशिवाय तुला करमत नाही, आणि अवघड झालं की तू पळतोस."

ऑनलाइन मागवणार होतो. तेवढ्यात आत्या स्वयंपाकघरातून, "उद्यापासून पितृपंधरवडा. घरात नवं काही यायचं नाही."

"आत्या, ते केतकीचं आहे. घरात फक्त ठेवणार."

"घरात येतंय ना?"

आतोबा, म्हणजे वसंतराव, आत्याचे यजमान, ट्रेझरीत होते. पेपरामागून म्हणाले, "सरोज, धर्मशास्त्रात इंजेक्टरचा उल्लेख नाही."

"नवं ते नवं." मग जरा विचार करून म्हणाली, "वापरलेलं चालेल. कुणाच्या तरी घरात राहून आलं की त्याचं नवेपण गेलेलं असतं."

पंधरवडा संपायची वाट बघितली तर पार्सल यायला दसरा उजाडेल. आता जुनं शोधणं आलं.

१० सप्टेंबर, बुधवार

चिक्कडपल्लीत केतकीच्या घरामागच्या गल्लीत प्रशांत म्हणून एक आहे. लग्नाआधी रेस करायचा. ईसीयू, थ्रॉटल बॉडी, पंप, इंजेक्टर, सायलेन्सरमध्ये लावायचा सेन्सर, सगळं खोक्यात बांधून पलंगाखाली. बायकोनं खोकं पायानं पुढं ढकललं : "घेऊन जा भैया, झाडू मारायला तरी जागा होईल." प्रशांत मात्र खोक्याकडे बघत राहिला.

इंजेक्टर किती मापाचा, विचारलं. "काय की. मोठा आहे."

मोठा म्हणजे किती हे कळल्याशिवाय तक्ता भरणं म्हणजे पळी केवढी हे न बघता तेल किती पळ्या घालायचं ते ठरवणं.

११ सप्टेंबर, गुरुवार

इंजेक्टर मोजला. पंपाला जोडला, बॅटरी दिली, मिनिटभर फवारा सोडला आणि साठलेलं पेट्रोल मापलं. माप कुठलं? आत्याचं दुधाचं. वर उरलेलं आतोबांच्या खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं. आकडा झकास आला.

आत्यानं मापाचा वास घेतला. दुपारचा चहा फक्त आतोबांना दिला.

रात्री जेवताना मात्र माझ्या वरणावर तूप नेहमीएवढंच. म्हणजे दोन वेळा नको म्हटल्यावर तिसऱ्यांदाही वाढलेलं.

१४ सप्टेंबर, रविवार

सुरू झाली! आत्याच्या अंगणात, सातव्या प्रयत्नाला. आधी खोकली, मग धूर, मग एकदम लय धरली. केतकीनं मला पाठीत गुद्दा घातला, इतक्या जोरात की अजून दुखतंय. मग टाकीवर कान ठेवून ऐकत राहिली. तिच्या केसात कुठूनसा ग्रीस लागलेला. सांगणार होतो, राहून गेलं.

शेजारच्या काकू विचारून गेल्या, काय जळतंय.

२१ सप्टेंबर, रविवार

पहिली चाचणी. रिंगरोडच्या पलीकडे एक वेंचर आहे. प्लॉट पाडलेत, रस्ते केलेत, कमान उभी आहे, घर एकही नाही. वॉचमन केतकीच्या ओळखीचा. त्याची बायको कमानीखाली बतुकम्मासाठी, म्हणजे इथल्या फुलांच्या सणासाठी, फुलं रचत होती. पिवळी तंगेडू, पांढरी गुनगू, थर चढत जातात. मी बघत उभा राहिलो तर केतकी ओरडली, "संदेश! फुलं संध्याकाळपर्यंत राहणारेत!"

काम असं : ती पळवते, सायलेन्सरमधला सेन्सर नोंद ठेवतो, ती परत आली की मी लॅपटॉपवर बघतो कुठल्या खणात काय झालं. हवेच्या मानानं पेट्रोल जास्त झालं तर इंजिन थंड राहतं, पण सुस्त. त्याला रिच म्हणतात. कमी झालं तर लीन. गाडी चपळ होते, पण तापते, आणि फारच कमी झालं तर पिस्टन वितळून अडकतो. पूर्ण थ्रॉटलला सेन्सरचा आकडा पावणेतेरा हवा. त्याखाली गेला की रिच, वर गेला की लीन.

नागपूरकडे एका मीटला मी पिस्टन अडकताना पाहिलाय. मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि तो पोरगा गाडीच्या पुढं गेला. वाचला. पण तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

खालचे खण छान जुळले. ठसका गेला. वरचे चार, म्हणजे थ्रॉटल पूर्ण आणि वेग सगळ्यात जास्त, तिथं ती शेवटचे शंभर मीटर असते. तिथं पेट्रोलची थोडी भर घातली. सुरक्षित असलेलं बरं.

२४ सप्टेंबर, बुधवार

घटस्थापना झाली, आता नवं चालतं, पण आता काही नको. लॅपटॉप उघडून नुसता तक्ता बघितला. वरच्या चार खणांत अजून जरा भर घातली. दुपारी ऊन फार होतं.

केतकीनं फोनवर विचारलं, काय केलंस आज. म्हटलं, काही नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

वाईट दिवस. सकाळपासून चार वेळा पळवली. सुरुवात बाणासारखी, शेवट बैलगाडी. कार्ब्युरेटरवर होती त्याहूनही मागे. सेन्सरचा आकडा सव्वाअकरा. मी म्हटलं सेन्सर जुना आहे, खोटं बोलतोय. प्रेशर तपासलं, बरोबर. पंप बदलून पाहिला, तेच. पेट्रोल दुसऱ्या बंकवरचं आणलं, तेच.

केतकीनं स्पार्क प्लग काढून माझ्या नाकासमोर धरला. काळाकुट्ट.

"हा बघ. काजळ घालून बसलाय. सेन्सर खोटं बोलतोय म्हणे! याला कुणी शिकवलं खोटं बोलायला?"

"तू उगीच घाबरू नको, मी बघतो."

"मी कुठं घाबरले?" असं म्हणाली आणि प्लग फडक्यानं पुसायला लागली. मग, "एक सांग. मी नाही गेले कोइंबतूरला, तर तू इथं किती दिवस आहेस?"

म्हटलं, बघू, ईशान्येकडं जायचं डोक्यात आहे. तिनं हेल्मेट घातलं आणि काच खाली ओढली. काय चुकलं माझं, कळलं नाही. खरंच आहे डोक्यात.

एक आठवडा राहिलाय. तिनं किती वर्षं घासलंय यासाठी. नोकरी विम्याच्या ऑफिसात, पहाटे सराव, घरात वडिलांशी भांडण. वकिलाची मुलगी चाकावर चाक लावून काय सिद्ध करणार, म्हणतात ते. आणि मी तिची गाडी होती त्यापेक्षा हळू करून ठेवलीय. मला येतं म्हणालो होतो.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. सकाळी उठलो तर लॅपटॉप जागेवर नाही.

देवीपुढं पाट मांडलेला. त्यावर आतोबांचं शाईपेन, आत्याची कात्री, सुरी, विळी, माझे सगळे पाने, गेज, आणि मधोमध लॅपटॉप. वर हळदकुंकू, अक्षता, झेंडू.

"आत्या! मला आज तक्ता बदलायचाय!"

"आज नाही. पूजेतल्या हत्याराला उद्यापर्यंत हात लावायचा नाही. उद्या दुपारी सीमोल्लंघनाच्या वेळी उचल."

"रविवारी रेस आहे."

"म्हणूनच. वर्षभर राबवतोस, एक दिवस त्याला मोकळं सोड. तूच नाही तर त्याला काहीच जमत नाही, असं आहे का?"

आतोबा म्हणाले, "माझं पेन तिनं नोकरीत असताना दरवर्षी असंच धरून ठेवलं. त्या दिवशी एकही बिल पास झालं नाही, आणि सरकार पडलं नाही."

मग दिवसभर काय करणार. आत्यानं विळी पूजेत ठेवली म्हणून भाजी हातानं मोडायची होती. गवारीच्या शेंगा मोडत बसलो. मनात मात्र वरचे चार खण. रविवारी ऊन असणार. अजून थोडं घातलं असतं तर जिवाला स्वस्थता वाटली असती.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी आतोबांबरोबर पालपिट्ट बघायला हिंडलो. निळ्या पंखांचा पक्षी, दसऱ्याला दिसला की वर्ष चांगलं जातं असं इथं मानतात. दिसला नाही. एका तारेवर खंड्या दिसला. आतोबा म्हणाले, "निळाच आहे. धकवून घेऊ."

दुपारी केतकी सोनं घेऊन आली. इकडं जम्मीची पानं देतात, म्हणजे शमीची. आत्याच्या पाया पडली, आतोबांच्या पडली, माझ्या हातात पानं कोंबली. आत्यानं लॅपटॉप उचलायला परवानगी दिली. मी हात पुढं केला, तर केतकीनं आधीच उचलला. कीबोर्डातून तांदूळ झटकले.

"चल. आज मी बसते याच्यापुढं. तू चालव."

"मी?"

"हौ. तुला चालवता येते की."

वेंचरला गेलो. मी बसलो, ती कमानीच्या सावलीत मांडी घालून, मांडीवर लॅपटॉप. मी एक धाव घेतली. तिनं वरच्या खणांतून काढलं थोडं. पुन्हा धाव. पुन्हा काढलं. कसं काढायचं ते मीच शिकवलं होतं तिला. चौथ्या धावेला शेवटच्या शंभर मीटरला गाडीनं अशी काही उडी घेतली की माझ्या तोंडून शिवी गेली. आकडा पावणेतेरा. प्लग काढला, बिस्किटासारखा रंग. एकदम बरोबर.

"झालं!" मी म्हटलं. "सेन्सर सुधारला बघ."

तिनं कपाळाला हात लावला. "येड्या, सेन्सर काय पडसं बरं व्हावं तसा सुधारतो? चार वेळा तू पळवलीस. एकदा तरी वाटलं का की घालावं अजून थोडं?"

"नाही. मी बसलो होतो ना, मला कळत होतं इंजिन ठीक आहे."

"मी बसले की नाही कळत?"

मी म्हटलं, बाहेरून कसं कळणार. ती हसायला लागली. "तुझ्या आत्याचंच घराणं," म्हणाली. "समोरचा नको म्हणाला तरी वाढत राहायचं, आणि म्हणायचं पोटभर जेव."

आत्याचा यात काय संबंध, मला लागेना. पण तिचा राग गेला होता. परतताना तिनं उसाचा रस पाजला.

५ ऑक्टोबर, रविवार

सगळं लिहितो, नाहीतर राहील.

आत्या आणि आतोबा डबा घेऊन आले होते. धावपट्टीवर ऊन मी म्हणत होतं. पहिली धाव चौदा आणि थोडं वर. बरी, पण पुरेशी नाही. कोइंबतूरचे सर छत्रीखाली बसलेले, पांढरा शर्ट, तोंडावर काही दिसत नाही. एकच धाव राहिली.

मी लॅपटॉप जोडला. आकडा पावणेतेरा, जागेवर. इंजिन मात्र सकाळपेक्षा तापलेलं. काही करायची गरज नव्हती, हे मला ठाऊक होतं. तरी बोट वरच्या चार खणांवर गेलं. एकेक आकडा वाढवला की झालं, कुणाला कळणार नाही. सुरक्षित. चौदाला लागून येईल आणि घरी येईल.

वर बघितलं तर केतकी माझ्याकडेच बघत होती. हेल्मेटची काच वर.

"घालायचं तर घाल," म्हणाली. "मी काही बोलणार नाही. खरंच."

ओरडली असती तर बरं झालं असतं. भांडलो असतो, म्हटलं असतं मला जास्त कळतं. असं म्हटल्यावर काय करायचं? ती लाइनवर जायची वाट बघत होती आणि मला तो नागपूरचा आवाज ऐकू येत होता.

मी वायर काढली. लॅपटॉप मिटला, आत्याच्या हातात दिला. "हे धर. मी मागितला तरी देऊ नकोस."

"पूजेत ठेवू का?"

"मांडीवर ठेव."

आत्यानं लॅपटॉपवर डबा ठेवला आणि डब्यावर दोन्ही हात.

केतकीनं काच खाली केली.

हिरवा दिवा लागला. ठसका नाही, काही नाही, गाडी सुटली. अर्ध्यापर्यंत मी बघितलं. मग डोळे मिटून ऐकत राहिलो. वरचे खण ऐकूनच कळतात. एक एक गिअर, आणि शेवटचा. तो आवाज ताणत गेला, ताणत गेला, आणि तुटला नाही. मग थ्रॉटल सोडल्याचा फटफट आवाज. फळ्यावर तेरा पॉइंट आठ.

आत्या म्हणाली, "झालं? एवढ्याचसाठी एवढं?"

मी खाली बसलो. आतोबांनी पाण्याची बाटली दिली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, कारण नसताना.

सरांनी केतकीशी हात मिळवला. दिवाळीनंतर ये म्हणाले. मला विचारलं, तूच ट्यून केलंस? म्हटलं, बरंचसं. त्यांच्याकडे ट्यूनर आहे, शिकलेला. पण छान आहे म्हणाले, वरचं टोक स्वच्छ आहे.

केतकी काहीतरी बोलणार होती बहुतेक, समोर उभी होती. मी सेन्सरची वायर गुंडाळत होतो. गुंता झाला होता.

२६ ऑक्टोबर, रविवार

तिला स्टेशनवर पोचवलं. तिचे वडीलही आले होते. बॅग त्यांनी हमालाला दिली नाही, स्वतः उचलली.

खिडकीतून विचारते, "तू कोइंबतूर बघितलंयस?"

"नाही."

"सगळा देश हिंडलास, तेवढंच बरं राहिलं!"

म्हटलं, राहिलं खरं. गाडी सुटली. टोमणा होता की काय होतं कोण जाणे. घरी आलो, ईशान्येच्या गाड्या बघायला बसलो, मग कंटाळा आला. असं कधी होत नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

केतकीनं फोनवर त्यांच्या गाडीची नोंद पाठवली. पावणेतेरा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, रेघ ओढल्यासारखा. एक चूक नाही त्या ट्यूनरची. तीनदा बघितलं. तरी मला ठीक वाटेना.

मग लक्षात आलं. कोइंबतूर हैदराबादपेक्षा सखल आहे. फार नाही, पण आहे. म्हणजे तिथली हवा जरा दाट. दाट हवेला पेट्रोल थोडं जास्त लागतं. त्यांनी हे धरलंय का? धरलं असेल. पण नसेल तर? बरं, हे फोनवर सांगण्यासारखं नाही, समोर बसून तक्ता उघडून दाखवावं लागतं. केतकीला तसं कळवलं. तिचं उत्तर आलं : "हौ, हवा लई दाट आहे इथं. ये लवकर."

बघा, म्हणजे मला वाटलं ते बरोबर निघालं.

उद्याचं तिकीट मिळालं. आत्याला म्हटलं, एक तांत्रिक अडचण आहे, दोन दिवसांत येतो. तिनं आतोबांकडं बघितलं, आतोबांनी पेपराकडं. मग दोघंही आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला.

आता बॅग बघितली तर वर दशम्या, खाली माझे चारही शर्ट इस्त्री केलेले, आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत माझी दहावीची मार्कलिस्ट, शाळेचा दाखला, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचा निकाल. उदगीरहून तिनं हे कधी मागवून घेतलं कुणास ठाऊक. दोन दिवसांसाठी हे कशाला लागणार? विचारायला गेलो तर म्हणाली, "असू दे रे. जागा कुठं खातंय ते," आणि पदरानं डोळे पुसले. कांदा चिरत होती.